झ्वनोक म्हणजे घंटा

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नर्स म्हणून बहरीनला होते. उम्म अल हस्समला माझ्या वरच्या मजल्यावर एक रशियन बाई राहायची. नवरा बहरीनी. मॉस्कोला शिकायला गेला आणि तिला लग्न करून घेऊन आला. तिला इंग्रजी बेताचंच, अरबी त्याहून कमी. मला सुट्टी असली की ती चहाला खाली यायची आणि आम्ही एकमेकींना शब्द शिकवायचो.

दारावरची बेल वाजली की ती म्हणायची, "झ्वनोक." मागच्या शाळेची घंटा झाली, तरी "झ्वनोक."

मी वसईची, ख्रिस्ती. "मग चर्चची घंटा?" मी विचारलं.

"नाही, ती मोठी. ती कोलोकोल." मग तिने माझ्या पेनने खाली मान घातलेलं एक फूल काढलं. "हे कोलोकोलचिक. छोटी घंटा. आईच्या अंगणात खूप आहेत."

त्यांच्याकडे फोन नव्हता. मला हॉस्पिटलने दिलेला होता. तो नंबर तिने पत्रातून आईला कळवला. दोन महिने काहीच नाही. मग एका शुक्रवारी दुपारी ऑपरेटर म्हणाला, "मॉस्कोचा कॉल आहे, थांबा."

मी जिना धावतच चढले आणि तिच्या दाराची बेल दाबली. धापा टाकत एवढंच म्हणाले, "झ्वनोक!"

ती बेलच्या बटणाकडे बघून हसली. "हो, वाजली."

"नाही गं. मामा!" आईला रशियनमध्ये मामा म्हणतात, हे तिनेच मला शिकवलं होतं.

हाताला कणीक तशीच, अनवाणी ती खाली धावली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तिचा आवाज एखाद्या लहान मुलीसारखा झाला होता. थोड्या वेळाने लाइन तुटली, तरी ती रिसीव्हर कानाला लावूनच होती. शेवटी मीच तो तिच्या हातातून घेऊन ठेवला.

"हा पण झ्वनोकच," ती फोनकडे बोट दाखवून म्हणाली आणि रडायला लागली. माझ्या आईच्या गावात तर फोनच नव्हता. मीही रडले.

तिच्या आईचा फोन पुढे आणखी दोनदा आला. मग ती वारली. हिला जाता आलं नाही.

नंतर ते रिफाला स्वतःच्या घरात गेले. तिथे त्यांना फोन मिळाला. पहिलं वर्षभर ती रोज सकाळी मलाच फोन करायची. नाइट ड्युटी करून नुकती पडले असले, तरी मी उचलायचे.