काकांच्या नावाची खोटी पेटी

पंचवटीतले पेटी बनवणारे काका समोरच्याचं बोलणंही मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकतात, जणू तुमचा सूर लागलाय की नाही ते तपासतायत. त्यांच्याकडे पेटीसाठी सहा महिने थांबावं लागे. तेव्हा इंटरनेटवरची खरेदी नवीन होती. तिथे त्यांच्याच नावाची पेटी दिसल्यावर मी शहाण्याने ती मागवली आणि मिरवत त्यांनाच दाखवायला नेली.

झाकण उघडताच काकांनी आत काकूंना हाक मारली, "अगं, बाहेर ये, आपली नक्कल निघाली!" दोघंही नवं नातवंड बघावं तसं ते खोटं लेबल बघत राहिले. मीही उगाच हुरळलो.

मग काकांनी पेटी वाजवली. गंधार रडका निघाला, तसा त्यांचा चेहराच उतरला.

मी वेबसाइटला फोन लावला. "सर, आम्ही फक्त जागा देतो, जबाबदारी विकणाऱ्याची," पलीकडची मुलगी म्हणाली. विकणारा फोन उचलेना.

काकांनी आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या काढल्या आणि त्या घासून सुरात आणायला कानस हातात घेतली.

"अहो काका, ही तुमची नाही, तुम्ही कशाला राबताय?"

"बेसूर वाजली तर लोक वेबसाइटला नाही, मला शिव्या देतील. तिथं आणखी कुणी घेतल्या असतील, तर त्यांना कळवा. म्हणावं, पेट्या घेऊन या."