बंदीभाऊंचा पोळा

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी, वरवट बकालजवळच्या आमच्या गावात, बंदीभाऊंनी सदाशिवच्या बैलापुढे हात जोडले. बैल बंद गायरानात शिरला होता आणि त्या दिवशी बैलावर काठी उगारत नाहीत.

गायरानाच्या एका तुकड्यावर त्यांनी चराईबंदी करून घेतली, म्हणून ते बंदीभाऊ. त्यांची गाय ऐन उन्हाळ्यात उकिरड्यावरची प्लास्टिकची पन्नी खाऊन मेली होती. त्यानंतर त्यांनी स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी आणलं. तो एकदा रुजून बी झडलं की पुढे आपोआप उगवतो. पण पहिली दोन वर्षं त्याला जनावराचं तोंड लागू द्यायचं नाही. ग्रामसभा तयार झाली, एका अटीवर : एकाचं जनावर आत चरलं, की सगळ्यांची सोडायची.

पेरणीआधी ते बी गरम पाण्यात टाकत. सदाशिव विचारी, "भाऊ, बियाण्याचा चहा करून राह्यले काय?"

"कातडं जाड हाय त्याचं. तुले बी बुचकळून पाहीन म्हणतो एकदा."

उगवलेलं रोप बोटाएवढं. बघायला येईल त्याला ते गुडघ्यावर बसवत. मला बसवलं, सरपंचबाईंनाही बसवलं. "उभ्या माणसाले हे दिसत नाही, ताई."

पोळ्याला सदाशिव बांधावरून ओरडला, "भाऊ, हाणू नका बरं! सण हाय त्याचा."

"हाणतो कुठं बे? पाया पडून राह्यलो!"

बैल हलेना. तेवढ्यात भाऊंच्या पत्नी, काकू, नैवेद्याचं ताट घेऊन आल्या. "मले नाही कधी एवढं विनवलं," त्या म्हणाल्या. भाऊ पुरणपोळी पुढे धरून उलट्या पावलांनी चालू लागले आणि बैल मागोमाग. फाटकापर्यंत ताटातली, घरच्या सगळ्या पोळ्यांची चळत संपली.

बाहेर गाव जमलं होतं. "चरला! आता सोडा सगळ्यांची," कोणीतरी म्हणालं. सरपंचबाईंनी सदाशिवला बैलाचं तोंड उघडायला लावलं. आत पुरण होतं. बंदी कायम राहिली.

त्या दिवशी भाऊंच्या घरी पिठलं झालं.

दिवाळीनंतर बी झडलं. पुढच्या पावसाळ्यात स्टायलो गुडघ्याला लागला. माघात बंदीभाऊ वारले. चैत्रात गायरान उघडलं. त्या उन्हाळ्यात उकिरड्यावर गावातली एकही गाय दिसली नाही.