रबरी चाकं आणि तिचे कान

जुन्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये एक रबरी कडेचं चाक असतं. मोटर त्या चाकाला फिरवते आणि चाक तबकडीला. काही वर्षांनी रबर कडक होतं, चाकाचा गोलपणा जातो आणि गाणाऱ्याचा आवाज हेलकावू लागतो. नवं चाक कुठे मिळत नाही. म्हणून बंदरावरची बोटींच्या इंजिनांची नोकरी संपल्यावर मी रत्नागिरीतल्या घरी, मागच्या पडवीत छोटं लेथ बसवलं आणि ही चाकं करू लागलो.

इंजिनांच्या धडधडीत माझे कान केव्हाच मंद झाले होते. चाक बसवलं की मी बायकोला हाक मारायचो. ती वडिलांच्या पेटीवर गाणं शिकलेली. पदराला हात पुसत यायची, डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "अजून डुलतोय हो." मग मी रबर पुन्हा घासायचो. ती "हं, आता बसला" म्हणाली की काम संपलं.

गेल्या हिवाळ्यात दापोलीचे एक निवृत्त शिक्षक, मी चाक बसवून दिलेला प्लेअर एसटीने मांडीवर घेऊन परत आले. "राग मानू नका," ते म्हणाले, "पण रेकॉर्डवरची बाई गाताना रडल्यासारखी वाटते."

मी तिला बोलावलं आणि रेकॉर्ड लावली. आवाज इतका डुलत होता की माझ्यासुद्धा कानाला कळला. तिने डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाली, "छान. एकदम स्थिर आहे."

शिक्षकांनी खाली पाहिलं. मी रेकॉर्ड थांबवली. ते गेल्यावर तिच्यासमोर बसून मोठ्याने विचारलं, "कधीपासून गं?"

"गणपतीपासून. आरतीत झांजा वाजताना नुसत्या दिसत होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती आशेने बघायचात माझ्याकडे." एवढं बोलून ती रडली. मी तिचा हात धरून बसलो.

डॉक्टरांनी कानाला यंत्र दिलं. माणसांचं बोलणं तिला कळू लागलं, पण गाणं लावलं की यंत्रातून पत्रा खरवडल्यासारखं ऐकू येतं. आता मी रेकॉर्ड काढली की ती यंत्र काढून ठेवते आणि परसात जाते. भर पावसातही छत्री घेऊन जाते.

शिक्षकांना नवं चाक करून दिलं. आता चाक फोनवर तपासतो. आवाज हेलकावला की पडद्यावरची रेघ वाकडी होते. काम पूर्वीपेक्षा बिनचूक होतं, पुण्याहूनही माणसं चाकं मागवतात.

परवा एक चाक पहिल्याच खेपेला नेमकं उतरलं. रेघ सरळ होती. मी हाक मारायला तोंड उघडलं, मग तसाच उठलो आणि प्लेअर बंद केला.