हात उठण्याआधी

अनघा पेंडसेला तिच्या नवऱ्याने, रोहनने, पहिल्यांदा मारलं ते परदेशात, क्लेमेंटीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, पाहुण्यांना लिफ्टपर्यंत सोडून आल्यावर. जेवताना तो एक किस्सा सांगत होता आणि तिने त्यातलं साल दुरुस्त केलं होतं. दार लागलं, त्याने चप्पल काढून जागेवर नीट ठेवली आणि मग तिच्या कानाखाली अशी ओढली की ती चपलांच्या रॅकवर जाऊन आदळली.

रोहन एका बँकेत आयटी मॅनेजर होता. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात त्याच्याइतका शांत माणूस नाही, असं लोक म्हणत. घरी तो गुडघा वापरायचा, पट्टा वापरायचा, केस धरून डोकं भिंतीवर आपटायचा. चेहऱ्याला मात्र त्यानंतर तो हात लावायचा नाही. ऑफिसच्या पार्ट्यांना चेहरा लागायचा. मारण्याआधी तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. शेजारी काही ऐकत होते की नाही, देव जाणे.

अनघा पुण्याची, शिकलेली, अकाउंट्समध्ये हुशार. पण इथे ती नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर होती. त्याने त्या पासवरून तिचं नाव काढून टाकलं की तिला देश सोडावा लागणार, आणि आर्याला तो सोडणार नाही, हे त्याने तिला अनेकदा ऐकवलं होतं. आर्या म्हणजे त्यांची मुलगी. ती अकरा वर्षांची झाली तोवर अनघा रोहनचा उजवा खांदा वाचायला शिकली होती. हात उठण्याआधी तो खांदा जरासा खाली यायचा. तेवढ्यात पोट आवळून घेतलं की मार कमी लागायचा.

आर्याला जपानचं वेड होतं. तोआ पायोहच्या कम्युनिटी हॉलमध्ये रविवारी सकाळी काबुकीचा, म्हणजे तिकडच्या जुन्या नाच-नाटकाचा, वर्ग चाले, तिथे तिने नाव घातलं. पोरांचा नाच आहे म्हणून रोहनने हरकत घेतली नाही. अनघा तिला पोचवायला जायची आणि मागच्या खुर्चीवर बसून राहायची.

शिकवणाऱ्या मोरिता-सान सत्तरीच्या होत्या. ओसाकाच्या एका नाट्यगृहात पडद्यामागे कामं करत वाढलेल्या, नंतर इथल्या चिनी माणसाशी लग्न करून स्थायिक झालेल्या. बोलणं तुटक, इंग्रजीतलं. "चारशे वर्षांपूर्वी क्योतोच्या नदीच्या कोरड्या पात्रात एका बाईने काबुकी सुरू केलं," त्या मुलींना सांगत. "मग सरकारने बायकांनाच बंदी घातली. तेव्हापासून बाईचं काम पुरुष करतात. माझ्या वडिलांनी आयुष्यभर बायकांची कामं केली. रंगमंचावर शेकडो वेळा त्यांचा खून झाला. मला मात्र तिथे उभं राहायची परवानगी नव्हती. म्हणून मी इथे आले."

खून हा काबुकीतला मोठा सोहळा. तलवार अंगाला लागत नाही, मारणारा आणि मरणारा जवळजवळ नाचतात, मधेच एखाद्या चित्रासारखे थिजून उभे राहतात. आणि रंगमंचाच्या एका टोकाला एक जण गुडघ्यांवर बसून दोन लाकडी ठोकळे फळीवर आपटत असतो. पाऊल पडलं की ठोका, वार झाला की ठोका. याला त्सुके म्हणतात. न लागलेला वार प्रेक्षकाला लागतो तो या आवाजामुळे.

त्सुके वाजवणारा मुलगा शिकायला परदेशी गेला, तेव्हा मोरिता-साननी मागे बसलेल्या अनघाच्या हातात ठोकळे दिले. "फळीकडे बघायचं नाही. मारणाऱ्याकडे बघ."

अनघाने बघितलं. मारणाऱ्याचा खांदा हलला आणि तिचा हात आपोआप खाली आला. ठोका वाराबरोबर पडला, केसाएवढाही मागेपुढे नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. मोरिता-साननी वाजवल्या नाहीत.

वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला थांबवलं. "हे शिकायला लोकांना कितीतरी वर्षं लागतात. तू कुठे शिकलीस?"

"कुठेच नाही."

"गुडघ्यांवर बसताना तू बरगडी धरतेस." म्हातारी तिच्याकडे रोखून बघत होती. "घरी शिकलीस ना?"

आर्या बूट घालता घालता खाली मान घालून म्हणाली, "Yes lah, at home."

मुलीला सगळं माहीत आहे, हे अनघाला त्या क्षणी कळलं. टीव्हीचा आवाज फक्त शेजाऱ्यांसाठी होता.

त्या वर्षी त्यांनी दुपारचा एक प्रयोग केला. नावाडी पुलावर आपल्या बायकोला संशयाने मारतो, असा प्रवेश. रोहनही आला, कारण आर्या पहिल्या भागात नाचणार होती. खुनाचा प्रवेश सुरू झाला. नावाड्याने बायकोला केसांनी धरून फिरवलं, अनघाने ठोके दिले. बायको सरपटत कठड्याकडे जाते, तो मागून वार करतो, एक, आणखी एक. अनघाचे ठोके इतके जोरात पडत होते की पुढच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं. शेवटच्या वाराला बायको कठड्यावरून खाली लोंबकळली. टाळ्यांचा कडकडाट झाला. अनघाचे डोळे मारणाऱ्यावरच असायला हवे होते. पण त्या शेवटच्या ठोक्यानंतर तिने मान वर केली आणि सरळ रोहनकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

घरी पोचल्यावर त्याने टीव्ही लावला नाही.

"लोकांना काय दाखवत होतीस तू? माझ्याकडे बघून?"

"नाटक होतं, रोहन."

"मला शिकवतेस?"

ती स्वयंपाकघराच्या काचेच्या दारापाशी उभी होती. त्याचा खांदा खाली आला. आजवर ती अशा वेळी पोट आवळून जागेवर थांबायची. या वेळी ती बाजूला सरकली. मूठ काचेतून आरपार गेली. त्याने रागाने हात मागे खेचला आणि काचेच्या धारेने मनगट आतपर्यंत चिरलं.

रक्ताची चिळकांडी फ्रिजवर उडाली. रोहन आधी हाताकडे बघत राहिला, मग खाली बसला. अनघाने टॉवेल घेतला, त्याचा हात वर धरला आणि जीव खाऊन मनगट दाबलं. तो दुसऱ्या हाताने तिच्या तोंडावर मारत होता. तिचा ओठ फाटला, दात हलला. तिने टॉवेल सोडला नाही.

"मम्मा, सोड त्याला! Let go lah!" दारात आर्या फोन घेऊन उभी होती. तिने पोलिसांनाही बोलावलं होतं आणि ॲम्ब्युलन्सलाही.

पोलीस आले तेव्हा रोहन तिला शिव्या देत लाथा घालतच होता. त्यांना वेगळं काही विचारायची गरज पडली नाही.

पुढचं कोर्टात झालं. तिला संरक्षणाचा आदेश मिळाला, नंतर घटस्फोट आणि आर्याचा ताबा. मोरिता-साननी ओळखीच्या एका अकाउंटिंग ऑफिसात शब्द टाकला. तिथे अनघाला नोकरी लागली, स्वतःचा पास झाला. रोहन पुण्याला परतला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. बायकोने सुरी चालवली, असं तो तिकडे सांगतो, आणि अनघाच्या सख्ख्या मावशीचाही त्यावर विश्वास आहे.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी मोरिता-साननी तिला नावाड्याचं काम दिलं. मारणाऱ्याचं. तालमीत बायकोचं काम मैत्रेयी नावाची एक विद्यार्थिनी करत होती, क्लेमेंटीला खोली घेऊन राहणारी, हसरी मुलगी. अनघाने तिचे केस धरले. धरायचा फक्त अभिनय करायचा असतो. अनघाने खरेच धरले. मैत्रेयी "ताई, दुखतंय" म्हणाली आणि अनघाने तिच्या तोंडावर मूठ मारली. पुन्हा मारली. तिघींनी मिळून तिला मागे ओढलं. मैत्रेयीच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि ती लहान मुलासारखी बघत होती.

मोरिता-साननी दाराकडे बोट दाखवलं. "बाहेर."

तालमीला आलेली आर्या बसमध्ये तिच्या शेजारी बसली. मग तिने विचारलं, "Did it feel good?"

अनघाला खोटं बोलता आलं असतं.

"हो," ती म्हणाली. "क्षणभर."

आर्या उठली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

अनघा दुसऱ्या दिवशी मैत्रेयीच्या दारात उभी राहिली. मैत्रेयीने साखळी न काढता दार किलकिलं केलं, माफी ऐकून घेतली आणि दार लावलं. त्यानंतर अनघा समुपदेशकाकडे जायला लागली. अजून जाते. बोलताना हात मांडीखाली दाबून बसते. वर्गात मोरिता-साननी तिला परत घेतलं, पण त्सुकेवरच. कुणाला मारायचं काम तिने पुन्हा मागितलं नाही, आणि त्यांनीही दिलं नाही.