पुढची लिफ्ट

आमच्या सोसायटीत कामवाल्या बायकांनी मागच्याच लिफ्टने जायचं, असा नियम आहे. काल धुणीभांडी करणाऱ्या सुमनताई आमच्यासोबत पुढच्या लिफ्टमध्ये शिरल्या. शेजारच्या बाईंनी पर्स छातीशी धरली.

"मागची बंद आहे का?" त्यांनी विचारलं. "कमिटीला कळलं तर काम जाईल हो."

"चालू आहे. पण मी इथूनच जाणार," सुमनताई शांतपणे म्हणाल्या.

मला वाटलं, असले नियम चोरीच्या भीतीने होत नसावेत. आधी नियम होतो, मग त्याला शोभेलसा संशय आपण शोधून काढतो.

आज वॉचमनने त्यांना लिफ्टपाशी अडवलं. "ताई, माझी नोकरी जाईल."

"मग तुम्ही तिकडे बघा," त्या म्हणाल्या.

तो थोडा घुटमळला. मग गेटकडे तोंड करून उभा राहिला.