दर्याप नावाचं शेत

आमच्या घरात कोंबडा आरवायचा तो भर दुपारी. अमरावतीचा उन्हाळा, गल्लीतली कुत्री नालीत पोट टेकून पडलेली, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास बैठकीत भरलेला, आणि त्या गार, किंचित बुरसट अंधारातून एक बारीक, पत्र्यासारखा आवाज उठे: कुकूच-कू. मग जराशी शांतता. मग बाबांचा समाधानी हुंकार. त्यांच्या शेतात दिवस उजाडलेला असे.

शेत तळहाताएवढं होतं. माझा भाऊ बंगळुरूहून सुटीत आला तेव्हा आपला जुना, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम इथेच ठेवून गेला. पुस्तकासारखा मिटणारा, दोन पडद्यांचा. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. कृषी खात्यात हयात घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काय करावं हा प्रश्न फार छळतो, कारण निवृत्तीआधी काय केलं हा प्रश्न त्याला कधी पडलेला नसतो.

वऱ्हाडातल्या शेतीचं काय चुकलं ते सांगणाऱ्यांची त्या वर्षांत रांग लागली होती. पथकं यायची, पांढऱ्या गाड्यांतून उतरायची, पऱ्हाटीच्या बोंडाला हात लावून फोटो काढायची आणि विश्रामगृहातल्या वांग्याच्या भाजीची तारीफ करत परतायची. मी महाविद्यालयात मराठी शिकवत होते, त्यामुळे आमच्या शहरातल्या कवींचं दुःखही मला जवळून पाहता आलं. अमरावतीत तेव्हा कापसापेक्षा कापसावरच्या कविता जास्त पिकत, आणि त्यांना भावही खात्रीचा मिळे: शाल, नारळ आणि येण्याजाण्याचं भाडं. बाबा निदान कविता करत नव्हते. त्यांनी थेट शेतीच धरली. अंगठ्यानं.

खरं शेतही होतं. दर्यापूरजवळ, काळ्या जमिनीचं, दोघा भावांच्या नावावरचं. ते माझे काका कसत. बाबांनी मात्र तिकडे दोन वर्षं पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्याचं कारण मी माझ्या तळहातावर धरलेलं आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीच्या खरिपात काकांनी बाबांनीच सांगितलेल्या वाणाची पिशवी पेरली आणि तासंच्या तासं, ओळीच्या ओळी, कोरी राहिली. शेजारच्या शेतांतही तेच. तक्रार झाली. पाहणीला जी समिती गेली, तिच्यात बाबा होते. काकूला भेटायचं म्हणून मीही त्यांच्या जीपमध्ये बसले होते. काकांनी तासातली माती बोटानं उकरली, एक सरकी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. औषधाचा गुलाबी रंग शाबूत होता. चिमटीत दाबली तर आत नुसतं पीठ. ओल्या पोत्यासारखा आंबूस वास. बाबांनीही ती हुंगली. त्यांचं नाक मला ठाऊक आहे. फोडणीतली मोहरी जळायच्या आधी ते बैठकीतून ओरडतात. त्या दिवशी त्यांनी खिशातून रुमाल काढला, बोटं एकेक करून पुसली आणि सगळ्यांसमोर, अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "बियाणं उत्तम आहे. दोष हाताळणीत आहे."

काका जन्मभर त्यांना भाऊ म्हणत आले होते. त्या दिवशी म्हणाले, "बरं, साहेब."

तेव्हापासून ते साहेबच राहिले. काकूच्या हातच्या कुरड्या दरवर्षी कुणाच्या तरी हाती येत. सोबतचा निरोप येईनासा झाला. आई मागे लागे, "एक खेप जाऊन या न. तुमी मोठे हा. मोठ्यानं गेलं तं काय पाय झिजतेत का?" बाबा म्हणत, "पाहू." सरकारी नोकरीत हा शब्द माणसाला निवृत्तीपर्यंत सुखरूप नेतो. पुढेही नेईल, असा त्यांचा समज असावा.

तर तो गेम. त्यात भावाची एकच कॅसेट अडकलेली होती, मोटारींच्या शर्यतीची. बाबांनी दोन दिवस मोटार भिंतीवर आपटली आणि तिसऱ्या दिवशी भावाला फोन लावला. भावानं सांगितलं, एक कोरी कॅसेट मिळते, नखाएवढी; तिच्यात मेमरी कार्ड घालायचं आणि संगणकावरून हवे तेवढे खेळ भरायचे. "पण बघून घ्या बाबा. नकली फार आहेत. चालतात छान, आणि एक दिवस सगळं विसरतात."

नकली हा शब्द ऐकला आणि बाबांच्या पाठीचा कणा सरळ झाला. हा त्यांचा विषय होता. गावोगावच्या मेळाव्यांत ध्वनिक्षेपकावरून त्यांनी हेच सांगितलेलं: सीलबंद पिशवी घ्या, टॅग तपासा, पक्की पावती मागा. अमरावतीच्या दुकानांना ही भानगड ठाऊक नव्हती. एकानं आम्हाला पाण्यात रिंगा अडकवायचा खेळ दाखवला. अकोल्यात सगळं मिळतं असं कुणीतरी सांगितलं. एका सकाळी आम्ही दोघं एसटीनं अकोल्याला उतरलो. अकोल्याचं ऊन अंगावर पडत नाही, ते जमिनीतून वर येतं. चपलेच्या तळव्यातून ते मला आजही जाणवतं.

मोबाइल दुरुस्तीची गल्ली होती. वितळत्या सोल्डरचा राळेसारखा वास, पंख्यांचा घरघराट. दुकानदार आमच्याशी वऱ्हाडीत, गल्ल्यावरच्या भावाशी उर्दूत आणि फोनवर कुणाशी तरी गुजरातीत बोलत होता. त्यानं रेक्झिनच्या तुकड्यावर तीन कॅसेटी मांडल्या. पहिलीत खेळ आधीच भरलेले होते. चारशे, असं वेष्टनावर छापलं होतं, पण यादी पाहिली तर तेच दहाबारा खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा. दुसरी काळी, साधी, नुसत्या नंबराची. तिसरीवर चमचमता स्टिकर; तिरपा धरला की त्यात मोर दिसे.

बाबांनी चष्मा लावला. "लॉट नंबर कुठे आहे?"

"कायचा लॉट, साहेब?"

"उत्पादनाचा दिनांक? वैधता?"

"चालन तवपर्यंत वैध."

"आणि उगवण किती टक्के?"

त्यांना विचारायचं होतं की ठेवलेला खेळ पुन्हा त्याच जागी निघतो का. पण तोंडात बसलेला शब्दच बाहेर पडला. दुकानदारानं आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत अदबीनं म्हणाला, "साहब, ये कॅसेट है. सरकी नहीं."

मी काळी उचलली. भावानं फोनवर हेच बजावलं होतं: दिसण्यावर जाऊ नका, साधी घ्या, कार्डाची खाच घट्ट आहे का तेवढं पाहा. हिची खाच घट्ट होती. कार्ड बसताना टिचकीसारखा आवाज आला. मोरवालीत ते सैल, हिंदकळत बसे. बाबांनी माझ्या हातातून काळी काढून घेतली आणि खाली ठेवली.

"याच्यावर होलोग्राम आहे," ते म्हणाले.

"बाबा, काकांच्या त्या पिशवीवरही मोरच होता."

त्यांनी ते ऐकलं नाही. न ऐकण्याचा त्यांना दीर्घ अनुभव होता. मोर खरेदी झाला. पैसे देताना दुकानदार म्हणाला, "पक्कं बिल पाह्यजे तं टॅक्सचे अलग लागतीन." ज्या माणसानं पक्क्या पावतीचं माहात्म्य अर्ध्या जिल्ह्याला सांगितलं होतं, तो माणूस काउंटरवरचं शिळं वर्तमानपत्र अचानक बारकाईनं वाचू लागला. मग हलकेच म्हणाला, "राहू द्या."

घरी आल्यावर मी संगणकावरून खेळ भरून दिले आणि त्यांनी उगवणचाचणी घेतली. खेळ सुरू करायचा, ठेवायचा, बंद करायचा, पुन्हा लावायचा. दर वेळी "उगवलं!" अशी घोषणा होई आणि आई स्वयंपाकघरातून विचारी, "मंग उपटू का भाजीले?"

भरलेल्या खेळांत एक शेतीचा होता. बाबांनी बाकीच्यांकडे पाहिलंही नाही. सुरुवातीलाच तो शेताचं नाव विचारे आणि त्यात सहाच इंग्रजी अक्षरं मावत. बाबा एकेक अक्षर अंगठ्यानं दाबत गेले, आणि जागा संपली तेव्हा पडद्यावर उरलं 'दर्याप'.

"अर्धंच?" आईनं खांद्यावरून डोकावून विचारलं. "अर्धं कोनाले सोडलं?"

बाबांनी पुढचं बटण दाबलं.

दर्यापची शेती मी नीट न्याहाळली आहे. सकाळी कोंबडा आरवे. जमीन एका घावात भुसभुशीत होई. मुळ्याचं बी टाकलं की थोड्याच दिवसांत मुळा. बी वांझ निघालं असं कधी घडलंच नाही. तिथल्या दूरदर्शनवर उद्याचं हवामान सांगत आणि ते खरं ठरे. हे पाहून बाबा पहिल्यांदा दचकले होते. माल घराशेजारच्या पेटीत टाकायचा. संध्याकाळी एक माणूस येई आणि ठरल्या भावानं सगळा घेऊन जाई. मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर नाही, ओलावा मोजणं नाही, उद्या या म्हणणं नाही. माझ्या वडिलांनी नोकरीभर कास्तकारांना ज्या आदर्श शेतीची भाषणं दिली, ती पृथ्वीवर कुठेतरी अस्तित्वात होती तर. फक्त तिला चार्जर लागे.

त्या गावात पोरीबाळीही होत्या. बाबांनी एकदा चुकीचं बटण दाबलं आणि स्वतःच्या मळ्यातला मुळा बेकरीतल्या मुलीला भेट दिला. तिच्या डोक्यावर लाल बदाम उमटला. आई मागेच उभी होती.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"चुकून दिला गेला."

"इतक्या वर्षांत मले नाही देल्ला कधी चुकून."

मग ती माझ्याकडे वळली. "पाह्य वं, तुया बाप! घरच्या भावाले भेटाले जात नाही, अन् डब्बीतल्या पोरीले मुळे वाटते." हे बोलताना ती हसत होती. वाक्याच्या शेवटी हसणं तिच्या तोंडावर राहिलं नाही.

मृग लागायला थोडे दिवस होते. दर्यापूरकडे वखरणी सुरू झाली असेल, असं आई रोज कुणालाही उद्देशून न बोलता बोले. बाबांचं दर्याप भरभराटीला आलं होतं: कोठार, गाई, तळं, चहूबाजूंनी कुंपण. आणि मग एका दुपारी कोंबडा आरवला नाही.

मी आतून बाहेर आले. कूलर चालूच होता. बाबा पडदा डोळ्यांजवळ धरून बसले होते. दोन्ही पडदे स्वच्छ, निळे, आणि खाली एकच ओळ, शेताचं नाव विचारणारी. सहा रिकाम्या जागा. त्यांनी यंत्र बंद केलं, लावलं, कॅसेट काढून फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाला पुसली, पुन्हा लावलं. सहा रिकाम्या जागा. निवृत्तीच्या समारंभात गळ्यात हार पडताना कोरडा राहिलेला हा माणूस. आता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

आईनं पाण्याचा गडवा आणून ठेवला. "दुबार पेरनी करा न मंग," ती म्हणाली. हे ती पुष्कळ हळू म्हणाली, म्हणून जास्त लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला. तीच गल्ली, तोच राळेचा वास. बाबा घरून तक्रारीचा मसुदा मनात तयार करून आले होते. एसटीत त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. त्यांनी मोर काउंटरवर ठेवला आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं की माल बोगस आहे, सगळं उभं पीक गेलं आहे. पीक हाच शब्द वापरला.

दुकानदारानं कॅसेट उजेडात धरली, खाचेत नख घालून पाहिलं. "बिल हाय?"

बिल नव्हतं.

तो उद्धट नव्हता. रोज दहा जणांना सांगून गुळगुळीत झालेलं वाक्य त्यानं आम्हालाही सांगितलं, हात जोडल्यासारखं करून, जवळजवळ मायेनं: "माल एकदम चांगला हाय, साहेब. तुमच्या हँडलिंगमंधी फॉल्ट हाय."

मला वाटलं, आता बाबा आवाज चढवतील, खात्याचं नाव सांगतील. त्यांचा हात खिशाकडे गेला. रुमाल निघाला. त्यांनी बोटं पुसायला सुरुवात केली, आणि मधल्या बोटावर येऊन थांबले. रुमालाकडे पाहत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या खिशातून निघाला होता.

"दुसरी घेऊन जा, कमी लावतो," दुकानदार म्हणाला.

"बरं," बाबा म्हणाले. तो होकार नव्हता. मोर तिथेच काउंटरवर टाकून ते उन्हात उतरले.

स्टँडवर रसवंतीचे घुंगरू वाजत होते. डिझेलचा, लिंबू पिळलेल्या उसाच्या रसाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास एकात एक मिसळलेला. अमरावतीची गाडी भरत आली होती. मी घाईनं पायरीवर पाय ठेवला, खिडकीजवळची जागा दिसली म्हणून रुमाल टाकला आणि वळून पाहिलं तर बाबा मागे नव्हते. चार फलाट पलीकडे, एका रिकाम्या, धुळीनं माखलेल्या गाडीसमोर ते उभे होते. चष्मा लावून तिची पाटी वाचत होते; अक्षर न् अक्षर, जसं कधीकाळी पिशवीवरचं वाचायला हवं होतं तसं.

मी धावत गेले. "बाबा, आपली गाडी ती! सुटेल आता. इथे काय करताय? कुठे जायचंय?"

त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला.

"दर्यापूर."