भाऊ म्हणजे तिसरा पक्ष नव्हे

विमानतळाचं काम सुरू झाल्यापासून आमच्या खाडीकाठच्या गावात भावांना बहिणींची फार आठवण येऊ लागली. माझा दादाही एका रविवारी कामोठ्याला माझ्या घरी पेढे घेऊन आला. पेढ्यांच्या खोक्याखाली हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क मी राजीखुशीने सोडते आहे, असं माझ्या वतीने कुणीतरी सुरेख भाषेत लिहून ठेवलं होतं. माझी राजीखुशी तयारच होती, फक्त सही व्हायची बाकी होती.

"तुला काय वाचायचंय त्यात, बाय?" दादा म्हणाला. "आपलं घरचंच हाय."

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. न वाचता सही करण्याची कला शिकायची राहून गेली. "ठेवून जा, बघते," म्हटलं.

वकिलाला विचारायचं होतं, पण गुपचूप. पनवेलच्या कोर्टाबाहेर मी दिसले असते, तर मी घरी पोचायच्या आत बातमी गावात पोचली असती. म्हणून मोबाइलवर शोधलं आणि पनवेलातल्याच एका मोठ्या वकिली फर्मची वेबसाइट सापडली. वर भल्यामोठ्या खांबांच्या इमारतीचा फोटो होता. तशी इमारत पनवेलात नाही. असती तर एव्हाना तिथे लग्नाचा हॉल झाला असता.

आत शिरण्याआधी एक चौकट उघडली. मी स्वतःच्या मर्जीने आले आहे, वकिलांनी मला बोलावलेलं नाही, असं त्यात कबूल करायचं होतं. वकिलांना जाहिरातीची बंदी आहे, म्हणून हा संकोच. मी कबूल केलं. मग कुकीजची चौकट आली. मी वेबसाइटवर काय काय बघते याची टिपणं ठेवायला त्यांना माझी परवानगी हवी होती. 'सगळं स्वीकारा' हे बटण हिरवंगार, तळहाताएवढं. 'नाकारा' शोधायला मला चष्मा पुसावा लागला.

तळाशी 'गोपनीयता धोरण' होतं. ते मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. असं करणारी मी पहिलीच असावी, हे मला पुढे कळायचं होतं. तुमची माहिती आम्हाला प्राणाहून प्रिय आहे, ती आम्ही कुठल्याही तिसऱ्या पक्षाला देणार नाही, असं त्यात वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना आपली माहिती पुसून घ्यायचा खास हक्कही दिला होता. कामोठ्याच्या रहिवाशांचा उल्लेख नव्हता. पण एवढ्या लांबच्या लोकांची जे इतकी काळजी घेतात, ते शेजारच्यांना वाऱ्यावर सोडतील का, असं मला वाटलं.

तेव्हा मी फॉर्म भरला. नाव, मोबाइल, गाव, जमिनीचा गट नंबर, भावाचं नाव. 'आपली अडचण थोडक्यात' या रकान्यात शिक्षिकेला शोभेल इतकं थोडक्यात, म्हणजे दोन परिच्छेद लिहिले. शेवटी लिहिलं, 'कृपया माझ्या भावाला कळू देऊ नये.'

संध्याकाळपासून मोबाइलवर जवळच्याच रोडपालीतल्या फ्लॅटच्या जाहिराती दिसू लागल्या. दुसऱ्या दिवशी दादा आला. हातात जिताडा होता.

आमच्या भागात जिताडा हा खाडीतला मासा असला तरी पोहत पोहत कुणाच्या घरी येत नाही. कुणाकडून काही हवं असलं की तो नेऊन देतात. साहेबांकडे जातो, पुढाऱ्यांकडे जातो. बहिणीकडे आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"तू मना इचारायचंस ना," दादा चप्पल न काढताच म्हणाला. "वेबसाइटीला काय इचारतेस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"वकीलसाहेबांनी. आमचे जुने वकील हायेत ते. तुझा तो कागद त्यांनीच बनवलाय."

म्हणजे ज्यांच्या कागदाविरुद्ध मी सल्ला मागितला, त्यांनाच मागितला होता. मला हसावं की रडावं कळेना. "दादा, तुला विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "सही कर म्हनलो असतो."

आपल्या बहिणीने आपल्याला कळू नये असं लिहावं, हे त्याला लागलं होतं. ते मला दिसत होतं आणि मलाही लागत होतं. पण मी सही केली नाही. तो गेला, मासा राहिला. मी तो शेजारणीला देऊन टाकला.

मग मी त्या फर्मच्या ऑफिसात गेले. बाहेरच्या बाकावर चारपाच माणसं बसली होती. वकीलसाहेबांनी केबिनचं दार सताड उघडं ठेवून, सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "त्या हक्कसोडवाल्या मॅडम का तुम्ही?"

"तिसऱ्या पक्षाला माहिती देणार नाही, असं तुमच्या धोरणात आहे," मी म्हणाले.

"अहो, भाऊ म्हणजे तिसरा पक्ष नव्हे. घरचा माणूस. गैरसमज वाढू नये, म्हणून चांगुलपणाने फोन केला मी."

"धोरण तुम्ही वाचलंय का?"

"ते वेबसाइटवाल्याने टाकलंय. सगळ्यांचं सारखंच असतं ते."

"मग माझी माहिती पुसून टाका."

त्यावर ते एकदम कायद्याचे पक्के झाले. "त्यासाठी आधारकार्ड, पॅनकार्ड आणि एक फोटो लागेल. ओळख पटल्याशिवाय कशी पुसणार? उद्या कुणीही येऊन तुमची माहिती पुसा म्हणेल."

माहिती पुसण्यासाठी आधी आणखी माहिती द्यायची, हे ऐकून बाकावरचे एक आजोबासुद्धा हसले. मी कॅलिफोर्नियाची नाही याचं वाईट वाटून घेत जिने उतरले.

शेवटी ओळखीतून एका वकीलबाईंकडे गेले. त्यांची वेबसाइट नाही, पण खोलीला दार आहे आणि ते त्या लावतात. त्यांनी मला माझा हक्क समजावून सांगितला. मी कागद सही न करताच दादाकडे परत पाठवला. त्याने बरेच दिवस फोन केला नाही.

एका दुपारी वहिनी एकटीच घरी आली. दादाने बोलणी करायला पाठवलं असेल, अशा समजुतीने मी मनात भाषण जुळवू लागले. तिने पाणी मागितलं, पदराने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "ताई, माझ्या भावानं पन असाच कागद आनलाय. तुमच्या भावाला नाय सांगितलं मी अजून. तुमी तो फॉर्म भरलात ना, तो कुठं भरायचा?"

"कुठंच भरायचा नाही," मी म्हटलं. "थांब, साडी बदलून येते."

आम्ही रिक्षा केली आणि दोघी वकीलबाईंकडे गेलो.